वाळूत पुरलेला गारवा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा नद्यांना आजच्यापेक्षा पाणी जास्त होतं आणि माणसांना आजच्यापेक्षा घाई कमी होती, असं म्हणतात. खरंखोटं त्या नद्यांना ठाऊक.

अशाच एका नदीकाठी एक गाव होतं. पावसाळ्यात नदी दोन्ही थड्या भरून वाहायची. उन्हाळा लागला, की अंग चोरून एका कडेनं झुळझुळत राहायची आणि मधलं सगळं पात्र मोकळं व्हायचं. त्या पांढऱ्या वाळूत गावकरी काकडीचे नि कलिंगडाचे वेल लावायचे. तहान लागली तर वाळू हातभर उकरायची, की खाली गार पाणी झिरपून यायचं. त्या खड्ड्याला झिरा म्हणत. वर पाय भाजणारी वाळू आणि हातभर खाली हिवाळा, असा तो प्रकार होता.

या गावच्या पंगतीची एक रीत होती. इतर गावांत पानात आधी मीठ वाढतात, मग लिंबू, मग चटणी. इथे मात्र पान मांडलं, की पहिल्यांदा पडायचा तो गारवा. तो खाल्ल्याशिवाय भाताला हात लावायचा नाही आणि कामाच्या बोलण्याला तोंड उघडायचं नाही.

गारवा म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण तो खाल्लेली माणसं आता फारशी उरली नाहीत. काकडीच्या बोटभर लांब फोडी, मुळ्याच्या चकत्या, छोटे पांढरे कांदे, आणि कलिंगडाच्या सालीलगतचा तो पांढरा गर, जो तुम्ही-आम्ही बिनदिक्कत गुरांपुढे टाकतो. या सगळ्याला मीठ-हळद चोळायची. मोहरी पाण्यात फेसायची, इतकी, की फेसणारीच्या डोळ्यांतून पाणी आलं पाहिजे. मोहरी, लिंबाचा रस, आल्याचे तुकडे, सगळं फोडींबरोबर मडक्यात भरायचं, तोंडाला ओलं फडकं बांधून वर झाकण ठेवायचं आणि झिऱ्याशेजारच्या ओल्या वाळूत मडकं गळ्यापर्यंत पुरायचं. आज दिवस मावळायच्या आत पुरलेलं मडकं उद्या दुपारी पंगतीच्या वेळेला वर निघायचं. तोवर फोडींनी आपलं पाणी सोडलेलं असायचं आणि खार आत घेतलेला असायचा. उन्हातून आलेल्या पाहुण्यानं त्यातली एक फोड तोंडात टाकली, की तो डोळे मिटून घ्यायचा आणि दुसरीसाठी हात पुढे करायचा.

रीतीला आणखी एक शेपूट होतं. गावात तंटा झाला तर पंच बसायचे. पण पंचांच्या पानातही आधी गारवाच पडायला हवा. आणि त्या गारव्यासाठी वाळूत खड्डा खणायचा तो ज्यांचा तंटा त्यांनीच. कोल्ह्या-कुत्र्यांनी मडकं उकरू नये म्हणून राखणीला बसायचं तेही त्या दोघांनीच. असं का, म्हणून कुणी विचारलं, तर म्हातारी माणसं म्हणत, ‘असंच असतं.’ म्हाताऱ्यांची बरीचशी उत्तरं अशीच असतात, आणि आपण ती या कानानं ऐकून त्या कानानं सोडून देतो.

या गावात म्हाळसा नावाची मुलगी लग्न होऊन आली. तिच्या सासूच्या हातचा गारवा म्हणजे गावात पहिला. पंगत कुणाचीही असो, मडकं म्हाळसाच्या सासूनं भरलेलं असायचं. सासू कडक होती, पण शिकवायला कंजूष नव्हती. फोडी कशा कापायच्या, मोहरी कोणत्या दिशेनं फेसायची, सगळं तिनं सुनेच्या हाताला हात लावून शिकवलं.

पहिल्याच खेपेला म्हाळसानं एक आगळीक केली. मडक्याचं तोंड बांधायच्या आधी तिनं हळूच एक फोड चाखली आणि तिचा चेहरा पडला. मीठ भसाभस लागत होतं. उद्या पंगतीत आपली शोभा होणार, या धास्तीनं तिनं पाण्याचा तांब्या उचलला. सासूनं तो वरच्या वर धरला.

“आत्ताची चव धरू नगंस, पोरी. वरनं खारट आन् आतनं अळणी लागतंय न्हवं? मंग अजून काम चाललंय त्याचं. त्याला त्याचं काम करू दे.”

दुसऱ्या दिवशी पंगतीत लोकांनी बोटं चाटली. म्हाळसा दाराआडून बघत होती. तिला माहेर सोडून आल्यापासून पहिल्यांदा या घरात बरं वाटलं.

पुढे तिला दोन मुलगे झाले. एक थोरला, एक धाकटा. त्यांची नावंही होती; पण घरात आणि गावात त्यांना थोरला नि धाकटाच म्हणत, म्हणून आपणही तसंच म्हणू. दोघं लहानपणी भलते खोडकर होते. मडकं वाळूत पुरलं, की हे दोघं सकाळी गुरं पाण्यावर नेण्याच्या मिषानं तिकडे जायचे, फडकं सोडायचे आणि फोडी पळवायचे. एकानं झाकण धरायचं, दुसऱ्यानं हात घालायचा. घरी आले, की आजी काही विचारायची नाही. फक्त दोघांचे हात धरून बोटांचा वास घ्यायची. फेसलेल्या मोहरीचा वास, तो काय लपतोय. मग पाठीत एकेक धपाटा बसायचा, आणि थोरला म्हणायचा धाकट्यानं झाकण उघडलं, आणि धाकटा म्हणायचा थोरल्यानं आधी हात घातला. आजी पदरात तोंड लपवून हसायची. म्हाळसाच्या उभ्या जन्मातले ते सगळ्यात चांगले उन्हाळे.

दिवस काही कुणासाठी थांबत नाहीत. सासू गेली. काही वर्षांनी नवराही गेला. मडकं म्हाळसाकडे आलं, आणि गावानं तिला म्हाळसाई म्हणायला सुरुवात केली. तिच्या हाताला सासूचीच चव होती. पण गुडघे मात्र तिचे स्वतःचे होते, आणि ते कुरकुरू लागले होते. उन्हात वाळू तुडवत झिऱ्यापर्यंत जाणं-येणं तिला जड जाऊ लागलं.

अशा वेळी एक उन्हाळी दुपार आली आणि तिच्याबरोबर बैलांचा तांडा घेऊन एक व्यापारी आला. त्याच्याकडे मिठासारखे दिसणारे पांढरे खडे होते. सोरा म्हणतात त्याला. त्यानं परातीत पाणी घेतलं, त्यात मूठभर सोरा टाकला आणि म्हाळसाईला बोट बुडवायला सांगितलं. पाणी एवढं गार, की बोट बधिर झालं. परातीतल्या त्या पाण्यात कल्हईचं पातेलं ठेवलं, की आतला जिन्नस बघता बघता थंडगार होतो, असं त्यानं दाखवून दिलं.

म्हाळसाई हुशार बाई. तिनं पुढचं स्वतःच शोधून काढलं. फोडींना दुप्पट मीठ लावायचं, त्या फडक्यात घालून दाबून पिळायच्या, मोहरी नि लिंबू सढळ हातानं घालायचं आणि पातेलं सोऱ्याच्या पाण्यात ठेवायचं. बैल सोडून माणसं हातपाय धुऊन येईपर्यंत गारवा तयार. वाळू नको, झिरा नको, राखण नको.

गावानं तिला डोक्यावर घेतलं. पाटलांनी भर पंगतीत तिची वाहवा केली, की आजवर एका फोडीसाठी अख्खा दिवस ताटकळलो, ही बाई म्हणजे गावाचं भाग्य. चवीत थोडा फरक होता. पिळलेली फोड कातड्यासारखी चिवट लागायची, खार जिभेवरच राहायचा. पण गार म्हणजे गार होता, आणि लवकर मिळत होता. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी गावाची गत झाली. हळूहळू मडकी माळ्यावर गेली. वाळूतले झिरे गुरांना पाणी पाजण्यापुरते उरले. आणि म्हाळसाईला, खरं सांगायचं तर, आपल्या नावाचा डंका ऐकायला आवडू लागलं होतं.

मग तो दिवस उगवला.

धाकटा वाळूतल्या वेलांना पाणी घालून आला आणि कुंपणाचं फाटक लावायला विसरला. गावची गुरं आत शिरली. काकड्या तर गेल्याच, वेलही तुडवले गेले. थोरल्यानं उन्हाळाभर राबून वाढवलेले ते वेल. त्याचा तोल गेला आणि त्यानं चार माणसांदेखत धाकट्याच्या कानशिलात मारली. धाकटा आता लहान नव्हता, त्याला मिसरूड फुटलं होतं. तो म्हणाला, या घरात पुन्हा पाणी पिणार नाही, माझा वाटा मोकळा करा. थोरला म्हणाला, आत्ता घे. काट्याचा नायटा झाला तो असा.

जुने दिवस असते तर पाटील म्हणाले असते, जा, खड्डा खणा, उद्या दुपारी बसू. पण आता उद्यापर्यंत थांबायचं कारणच उरलं नव्हतं. आणि थांबा असं म्हणू शकणारी एकच बाई होती, ती स्वतःच पुढे झाली. म्हाळसाईला वाटलं, पंच लवकर बसले तर दोघांना लवकर झापतील आणि हे प्रकरण चुलीवरचा भात शिजायच्या आत मिटेल. ती म्हणाली, “बसा तुम्ही. आत्ता करते गारवा.”

तिनं केला, आणि तो बर्फासारखा गार होता. पण तो खाणाऱ्यांच्या कानशिलाच्या शिरा अजून ताडताड उडत होत्या. धाकट्याच्या गालावर बोटांचे वळ तसेच होते. थोरल्याच्या हातात तुडवलेला वेल होता. एक जे बोलला, त्यावर दुसरा चढवून बोलला. पंचांनी ऐकलं तेच धरलं, आणि ऊन उतरायच्या आत घराच्या वाटण्या झाल्या. धाकटा आपल्या वाट्याचा बैल घेऊन नदीपलीकडच्या गावी निघून गेला. जाताना त्यानं आईच्या पायाला हात लावला, पण तोंडाकडे पाहिलं नाही.

तेव्हापासून म्हाळसाईला एक नवी सवय लागली. संध्याकाळी ती ओट्यावर येऊन बसायची आणि पैलथडीला निघणारा धूर बघायची. त्यातला कुठला धूर धाकट्याच्या चुलीचा, हे तिला कळत नसे. पण ती मनानंच एक धूर ठरवायची आणि तो विरेपर्यंत बसून राहायची. थोरला आईशी चांगला वागे, पण पैलथडीकडे पाठ करून बसे.

गावातही असंच चाललं होतं. कुणाची सोयरीक एका दुपारीत मोडली, कुणा शेजाऱ्यांत एका दुपारीत भिंत उभी राहिली. आताशा माणसं फार तापट झाली आहेत, असं सगळे म्हणायचे. उन्हाळाच वाढलाय, असंही म्हणायचे. सोऱ्याच्या पोत्याकडे कुणी बोट दाखवलं नाही, आणि का दाखवावं? सोरा बिचारा कोपऱ्यात गुपचूप पडलेला असायचा.

अशी बरीच वर्षं गेली. एका पावसाळ्यात नदीनं कूस बदलली, आणि पूर ओसरल्यावर लोकांनी पाहिलं तर पात्राच्या मधोमध वाळूचं नवंकोरं बेट वर आलं होतं. वेलांना याहून चांगली जागा शोधून सापडली नसती. उन्हाळ्याच्या तोंडाशी अलीकडून थोरला बियाणं घेऊन उतरला आणि पलीकडून धाकटा. दोघं बेटावर समोरासमोर आले. इतक्या वर्षांनंतर भावानं भावाशी बोललेला पहिला शब्द ‘माझं’ हा होता.

कुदळी उगारल्या गेल्या. लोकांनी मध्ये पडून दोघांना ओढत गावात आणलं. पाटलांसमोर दोघांनी शपथ घेतली, की आज जो हरेल त्यानं दुसऱ्याच्या थडीला पुन्हा पाय ठेवायचा नाही, मौतीलासुद्धा नाही. पाटील आता म्हातारे झाले होते, त्यांनाही हे लवकर आटपायचं होतं. त्यांनी म्हाळसाईला निरोप धाडला, की गारवा घाल, जेवणं झाली की निवाडा करतो.

म्हाळसाईला सगळं कळलं होतं. कुणीही जिंको, आपला एक मुलगा आज कायमचा जाणार. आपण मरू तेव्हा दोघांतला एकच खांदा द्यायला असेल. तरी सवयीनं तिनं काकड्या कापल्या, मीठ-हळद चोळली. पिळायला फडकं घेतलं. आणि कधी नव्हे ती तिनं एक फोड तोंडात टाकली.

मीठ भसाभस लागलं. तिनं दात रोवला, तर आतून फोड अळणी होती. कच्ची, गोडसर, वेलावर असते तशीच.

ती चुलीपुढे बसली ती बसलीच. तिला तांब्या धरणारा तो हात आठवला. वरनं खारट आन् आतनं अळणी. आणि त्याच्यामागोमाग आणखी एक जुना दिवस आठवला, जो ती साफ विसरून गेली होती. ती नवी नवरी असताना तिच्या नवऱ्याचं आणि चुलतदिराचं बांधावरून असंच जुंपलं होतं. सासूनं निवांतपणे मडकं भरलं आणि दोघांना खड्डा खणायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी ते दोघं एका काठीला मडकं अडकवून, दोन टोकं दोन खांद्यांवर घेऊन आले. पंच बसायच्या आधीच चुलतदीर म्हणाला होता, की बांध आहे तिथंच राहू द्या. तेव्हा सासूनं तिच्याकडे पाहून डोळे मिचकावले होते. ते कशासाठी, हे म्हाळसाईला आत्ता, केस पिकल्यावर कळलं.

गारवा पंचांना थंड करण्यासाठी नव्हताच कधी. तो तयार व्हायला जो वेळ लागायचा, तोच खरा गारवा होता. आणि तो वेळ आपण आपल्या हातांनी पिळून टाकला.

ती रडली, तेव्हा मोहरी अजून फेसायची होती.

मग तिनं डोळे पुसले. कोपऱ्यातलं सोऱ्याचं पोतं ओढत ओढत मागच्या दारी नेलं आणि उकिरड्यावर रिकामं केलं. सुनेकडून माळ्यावरचं मडकं काढून घेतलं, घासलं, फोडी न पिळता त्यात भरल्या, मोहरी फेसली, लिंबू पिळलं, आल्याचे तुकडे टाकले, तोंड बांधलं. मडकं कडेवर घेऊन ती पाटलांच्या ओसरीपुढे येऊन उभी राहिली. पंच पानांवर बसायच्या तयारीत होते.

“गारवा उद्या दुपारी मिळंल,” ती म्हणाली.

पाटील चिडले. आज एवढी माणसं जमली आहेत, उद्या कशाला, आणि ते गार करायचं औषध कुठे गेलं, असं त्यांनी विचारलं. म्हाळसाईनं सांगितलं, की ते उकिरड्यावर गेलं. पंचांत चुळबुळ झाली. कुणीतरी म्हणालं, मग आज गारव्याशिवायच बसू.

“बसा की. माझ्या सासूच्या सासूपासनं या गावात गारव्याबिगर निवाडा झाला न्हाई. तुमच्या हातनं पहिला हुनार आसंल तर हू द्या. मी आडवी येत न्हाई.”

आता असं म्हटल्यावर कोण बसतो? पाटलांनी हातातला तांब्या खाली ठेवला. रीत मोडणारा म्हणून आपलं नाव मागे राहावं, असं कुणालाच वाटत नसतं.

म्हाळसाई मुलांकडे वळली. थोरल्याच्या हातात तिनं कुदळ दिली, धाकट्याच्या हातात मडकं. धाकट्याच्या तोंडाकडे तिनं इतक्या वर्षांनी पाहिलं. त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले होते.

“एकानं खणायचं, एकानं पुरायचं. राखण दोघांनी करायची. कोल्ह्यानं मडकं उकरलं तर मला दोघांनी तोंड दाखवू नगा.”

“आये, म्या याच्यासंगं बसायचं व्हय?” थोरल्यानं विचारलं.

“त्याच्याशी बोल आसं कुठं म्हणले मी? मडक्यापाशी बस म्हणले.”

दोघं गेले. एकमेकांपासून चांगलं अंतर ठेवून, पण एकाच वाटेनं गेले, कारण झिऱ्याकडे जाणारी वाट एकच होती. जेवण करून जा, असं थोरल्याची बायको म्हणाली. पण दोघंही रागात होते, आणि रागावलेला माणूस आधी अन्नावर सूड काढतो. तसेच उपाशी गेले.

त्या वाळूत ते काय बोलले, किंवा बोलले तरी का, हे कुणाला ठाऊक नाही. मलाही नाही, नाहीतर सांगितलं नसतं का. म्हाळसाईलाही नाही. तिला एवढंच ठाऊक, की ती पहाटे उठून ओट्यावर बसली तेव्हा पैलथडीला धूर नव्हता आणि अलीकडेही नव्हता, आणि मध्ये वाळूत दोन माणसं बसलेली दिसत होती. लांबून ती एकच असल्यासारखी वाटत होती. पण म्हाताऱ्या डोळ्यांचा काय भरवसा, असं स्वतःशीच म्हणून ती आत गेली.

दुपारी पंच जमले. पानं मांडली गेली. सगळ्या गावानं ओसरीभोवती गर्दी केली, कारण इतक्या वर्षांनी वाळूतला गारवा मिळणार होता, आणि म्हाताऱ्यांच्या तोंडाला तर सकाळपासूनच पाणी सुटलं होतं. तेवढ्यात दोघं भाऊ आले. काठीला मडकं अडकवलेलं, पुढचं टोक थोरल्याच्या खांद्यावर, मागचं धाकट्याच्या. मडकं जरा जास्तच झोके घेत होतं.

म्हाळसाईनं फडकं सोडलं, झाकण काढलं आणि आत डोकावली. तिनं पळी घातली. पळी तळाला जाऊन टणकन वाजली.

मडक्यात खार होता. मोहरीचे दोन-चार दाणे होते. आल्याचा एक तुकडा होता. बाकी काही नव्हतं.

म्हाळसाईनं पळी खाली ठेवली. तिनं आधी थोरल्याचा हात धरला आणि त्याच्या बोटांचा वास घेतला. मग धाकट्याचा हात धरला आणि त्याच्या बोटांचा वास घेतला. त्या राठ, कुदळ धरून घट्टे पडलेल्या बोटांना फेसलेल्या मोहरीचा वास येत होता.

“धाकट्यानं झाकण उघडलं, आये,” थोरला खाली मान घालून म्हणाला.

“आदी हात यानं घातला,” धाकटा म्हणाला. “भूक लागली व्हती.”

आणि मग धाकट्याला हसू आवरेना. त्याचं बघून थोरल्यालाही आवरेना. म्हाळसाईनं दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घातला आणि पदर तोंडाला लावला. पण सासूला जमायचं ते तिला जमलं नाही. हसता हसता तिला रडू फुटलं, आणि ती दोघांच्या मध्ये वाळूनं भरलेल्या त्या हातांना धरून उभी राहिली.

पाटील बिचारे रिकाम्या पानापुढे बसले होते. त्यांनी विचारलं, की आता पानात पहिलं काय वाढणार?

“काय न्हाई,” म्हाळसाई म्हणाली. “गारवा न्हाई तर निवाडा न्हाई. रीत हाये.”

मग पाटीलही हसले आणि म्हणाले, की आम्हाला निदान भाकरी तरी घाला. पंचांनी कांद्याशी भाकरी खाल्ली आणि आपापल्या घरी गेले. तो निवाडा त्या दिवशी झाला नाही, आणि पुढेही कधी झाला नाही. बेटावर त्या उन्हाळ्यात एकाच्या बियाण्याचे वेल दुसऱ्याच्या वेलांत असे गुंतले, की कुठली काकडी कुणाची हे सांगणं कठीण झालं. काठीनं पाणी मारलं तर दोन होत नाही, ते असं.

गावातल्या बायकांनी माळ्यावरची मडकी खाली काढली. पंगती पुन्हा उशिरा बसू लागल्या, आणि तंटे पुन्हा आपोआप मिटू लागले. म्हाळसाईच्या गुडघ्यांनी पुढे साथ सोडली, तेव्हा तिला ओट्यावर बसूनच दोन्ही थड्यांच्या नातवंडांची वाट बघावी लागे. नातवंडं झिऱ्याकडून आली, की ती एकेकाला जवळ बोलवायची, त्यांच्या बोटांचा वास घ्यायची आणि पाठीत हलकासा धपाटा घालायची. आणि पुढे तिची वेळ आली, तेव्हा तिला खांदा द्यायला तिचे दोन्ही मुलगे होते.

म्हणून सांगतात: मीठ नुकतं लागलं असताना चवीचा आणि राग नुकता आला असताना माणसाचा निवाडा करू नये.